स्क्रॅच कार्डवरची एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्नांची) चाचणी : गुण कसे द्यायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एफवायबीएस्सीला रसायनशास्त्र शिकवते. या सत्रात दोन चाचण्या स्क्रॅच कार्डवर घेतल्या. ही पद्धत अमेरिकेतल्या रायडर विद्यापीठाच्या मायकेल एपस्टाइन यांची. प्रत्येक पर्यायावर चंदेरी थर असतो. खरवडल्यावर तारा दिसला तर उत्तर बरोबर. कोरं निघालं तर पुन्हा विचार करून दुसरा पर्याय खरवडायचा. एरवी आमचे पेपर तपासून हातात पडेपर्यंत मुलं प्रश्नही विसरलेली असतात.

एक प्रश्न होता : १०⁻⁸ मोलर एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक आम्लाचा) पीएच किती? (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; आम्लाचा ७ च्या खाली असतो.) पर्याय ८, ७, ६.९८ आणि ६. पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच ८ खरवडलं. कोरं! पेन ठेवून ती कार्डाकडे बघत बसली. मग कच्च्या कामात लिहिलं, 'आम्ल आहे, मग ७ च्या वर कसं?' पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरायचे राहिले हे तिचं तिलाच उमगलं आणि तिने ६.९८ खरवडलं. हीच गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर घसा कोरडा होईपर्यंत सांगते, पण ती अशी उमगताना कधी पाहिली नव्हती. म्हणून ही पद्धत मला सोडायची नाही.

गाडी अडली आहे ती गुणांपाशी. पहिल्या खरवडीला ४, दुसरीला २, तिसरीला १, चौथीला ० असे गुण ठेवले. नंतर हिशोब केला तर नुसते अंदाजाने खरवडणाऱ्यालाही सरासरी १.७५ पडतात, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. आमच्याकडे पास व्हायला ४० लागतात! ४-१-०-० केलं तर ही सरासरी ३१ टक्क्यांवर येते, पण मग चुकल्यावर विचार करणाऱ्याच्या पदरात फार थोडं पडतं. पाच पर्याय देऊन ४-२-१-०-० केलं तर ३५, पण पाचवा पटण्याजोगा चुकीचा पर्याय दर वेळी सुचत नाही. अंतर्गत मूल्यमापनात कुणी हे बसवलं आहे का? कोणते गुण ठेवले?

दुसरं, कार्डं मी घरीच करते. छापील कागदावर सेलोटेप, त्यावर दोन भाग चंदेरी ॲक्रिलिक रंग आणि एक भाग भांड्यांचं लिक्विड. पण उजेडात धरलं की तारा पुसटसा दिसतो. जाड कागद घेऊ की मागून काळी छपाई करू?

मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर) अशी चाचणी घेता येते हे माहीत आहे, पण वर्गातल्या सगळ्यांकडे चालू फोन नसतो. त्यामुळे कागदावरचेच उपाय सुचवा, प्लीज. पुढची चाचणी पंधरा दिवसांवर आहे.