गव्हर्नरपदाच्या इच्छुकाकडून ब्लॉगरांना 'ऑफ द रेकॉर्ड' बोलावणं: जावं का? (मी एच-१बी या वर्क व्हिसावर आहे)

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, पण इथल्या राजकारणावर ब्लॉग लिहायची खोड आहे. सिटी कौन्सिल, स्कूल बोर्ड, सॅक्रामेंटोतल्या राज्य विधिमंडळातली बिलं, अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत. वाचक मूठभरच. मात्र बहुतेक फ्रीमाँट-सनीवेल पट्ट्यातले देशी, आणि त्यातले बरेच आता सिटिझन होऊन मतदार झालेले.

गेल्या आठवड्यात एका इच्छुकाच्या टीमची मेल आली. नाव देत नाही, कृपया अंदाजही बांधू नका. स्वारीने उमेदवारी अजून जाहीर केलेली नाही, पण २०२६ साठी चाचपणी जोरात आहे. गव्हर्नर न्यूसम यांच्या दोन टर्म संपतायत, म्हणजे मैदान मोकळं. भारतातल्या वाचकांसाठी: इथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, अधिकार आपल्या मुख्यमंत्र्यासारखे. माझ्यासारख्या किरकोळ ब्लॉगरची आठवण का झाली, तेही उघड आहे. जूनच्या प्रायमरीत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघेच नोव्हेंबरला उरतात, पक्ष कुठलाही असो. दहा-बारा जण उभे राहिले तर मतं इतकी फुटतात की एखाद्या समाजाची गठ्ठा मतं पारडं फिरवू शकतात.

मेलचा मतलब असा: काही निवडक ब्लॉगरांशी झूमवर गप्पा, उमेदवार स्वतः असणार, सगळं ऑफ द रेकॉर्ड. पुढे जमलं तर 'कंटेंट पार्टनरशिप', मानधनासह. आणि जातीच्या प्रश्नावर 'कम्युनिटीचं मन मोकळेपणाने जाणून घ्यायचंय'.

माझं घोडं या शेवटच्या वाक्याशी अडलंय. जातीवरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई करणारं एसबी ४०३ हे बिल २०२३ मध्ये विधिमंडळात पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये न्यूसम यांनी व्हेटो केलं. सध्याच्या कायद्यात हा भेदभाव आधीच बेकायदा आहे, नवीन बिल अनावश्यक, असं कारण दिलं. तेव्हा मी बिलाच्या बाजूने लिहिलं होतं. त्यावरून मंडळाच्या गणपतीत दोन-तीन जणांनी तोंड फिरवलं, ते अजून सरळ झालेलं नाही. तसंच बिल पुन्हा समोर आलं तर तुम्ही सही कराल की नाही, एवढंच मला या माणसाला विचारायचंय. पण त्याचं उत्तर छापायचं नसेल तर ऐकून काय करू? त्या बंद कॉलमध्ये मला एक सांगतील आणि विरोधातल्या ब्लॉगरला दुसरं, आणि आम्ही दोघंही गप्प बसायला बांधलेलो. उलट नाही गेलो तर हा प्रश्न तिथे दुसरं कोणी विचारेल असं वाटत नाही.

तर विचारायचंय ते असं. जावं का? गेलो तर वाचकांना सांगावं का? आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असताना यात पडणं कितपत शहाणपणाचं? बायकोचं मत 'अजिबात नको' असं आहे, ते वेगळं सांगायला नको.

सॅनहोजेकर: मानधनाचा विषय आजच बंद करा. एच-१बी वर स्पॉन्सर कंपनी सोडून दुसऱ्याकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत, मग ते मानधन म्हणोत नाहीतर पार्टनरशिप. फुकट व्हॉलंटियरिंग चालतं, पण डोनेशन नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला राज्याच्या निवडणुकीतही डोनेशन द्यायला फेडरल कायद्याने बंदी आहे. प्रचाराच्या निर्णयांमध्ये भाग घेणंही निषिद्ध, त्यामुळे 'स्ट्रॅटेजी सांगा' वगैरे सुरू झालं की कॉल सोडा. मी वकील नाही. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकाच.

तिरपी_रेघ: व्हिसा नसता तरी पैसे घेऊ नका म्हटलं असतं. २००४ ला साउथ डकोटात जॉन थून यांनी सिनेटमधले डेमोक्रॅट नेते टॉम डॅशल यांना साडेचार हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. नंतर हिशेब बाहेर आले तेव्हा कळलं की डॅशलविरोधी लिहिणाऱ्या दोन ब्लॉगरांना थून यांच्या प्रचारातून मिळून ३५,००० डॉलर गेले होते. वाचकांना पत्ता नाही! कॅलिफोर्नियात आता प्रचार समितीकडून पैसे घेऊन ऑनलाइन लिहिलं तर तसं त्या पोस्टमध्येच सांगावं लागतं. एसबी ६७८, जानेवारी २०२४ पासून लागू.

अनुराधाताई: ऑफ द रेकॉर्ड हा दोघांनी आधी मान्य करायचा करार असतो, एकाने मेलमध्ये लिहिलं म्हणून तुम्ही बांधले जात नाही. अजून 'हो' म्हटलं नाहीयेत ना? मग तुमची अट घाला: बाकी गप्पा खुशाल ऑफ द रेकॉर्ड, पण एका प्रश्नाचं उत्तर छापणार. मी पुण्यात वीस वर्षं वार्ताहर होते. नेते असल्या अटीला सहसा नाही म्हणत नाहीत, गुळमुळीत उत्तर देतात. ते गुळमुळीत उत्तर जसंच्या तसं छापायचं. आणि भाऊ, बायको म्हणतेय त्यात तथ्य आहे.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. वकिलाला मेल टाकली आहे. टीमलाही कळवलं: मानधन नको, आणि सहीबद्दलचा प्रश्न ऑन द रेकॉर्ड असेल तरच येतो. तासाभरात उत्तर आलं की 'प्रश्न आधी लेखी पाठवाल का?' अनुराधाताई, पाठवू का? की तिथेच, समोरासमोर विचारू?