नवरा ६५, मी ६२, लेक २६ : कुणाचा विमा कुठे?

रानजाई :
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवरा लवकरच ६५चा होतोय आणि त्याच सुमारास रिटायर व्हायचं म्हणतोय. मी ६२ची, नोकरी करत नाही. मी आणि लेक दोघंही त्याच्याच कंपनीच्या प्लॅनवर. लेक टेक्ससमध्ये असतो, फोटोग्राफीची सुटी कामं करतो आणि तोही आता २६ पूर्ण करेल. म्हणजे तिघांचाही विमा एकदमच हलणार. नवरा म्हणतो, "मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मिळालं की सुटलो." तो सुटेल हो, आमचं काय? त्यात परवा वाचलं की अमेरिकेत विमा नसलेल्यांचं प्रमाण बरंच खाली आलंय. मग हे मधल्या वयाचे लोक नेमकं करतात तरी काय?

ओसरी :
रानजाई, मी बरीच वर्षं एका कंपनीत बेनिफिट्सचं काम बघते. पहिली गोष्ट, नवऱ्याला राजीनाम्याची घाई करू देऊ नका. आधी मेडिकेअर सुरू होऊ दे, मग नोकरी सोडू दे. एरवी नोकरी सुटली की बायकोला कोब्रा (कंपनीचाच प्लॅन स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवायची सोय) १८ महिने मिळतो. पण मेडिकेअर सुरू झाल्यावर १८ महिन्यांच्या आत नोकरी सुटली, तर तिला मेडिकेअर सुरू झालेल्या तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत राहता येतं. तुमच्या वयात ते जवळजवळ ६५च्या दारापर्यंत पोचतं. आमच्याकडे लोक हे विचारायला येतात ते निरोपाचा केक कापून झाल्यावर!

कोब्रा स्वस्त नाही. कंपनीचा वाटासुद्धा आपणच भरायचा, वर २ टक्के. म्हणून मार्केटप्लेसचा (स्वतःचा विमा विकत घ्यायची सरकारी बाजारपेठ) भाव शेजारी ठेवून बघाच. तिथे वयानुसार हप्ता वाढतो. २१ वर्षांच्या मुलाला जो पडेल त्याच्या तिपटीपर्यंत ६४ वर्षांच्या माणसाला लावता येतो.

आता तुम्ही वाचलेल्या आकड्याबद्दल. तो खरा आहे, पण वय लावून बघितल्याशिवाय कळत नाही. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीत १९९७ साली १८ वर्षांखालच्या १३.९ टक्के मुलांना विमा नव्हता, २०२३मध्ये ३.९. हे खासगी कंपन्यांनी केलं नाही. १९९७ला जवळपास दोन तृतीयांश मुलं खासगी विम्यावर होती, २०१५पर्यंत ते प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. भरून काढलं मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याने आणि मुलांसाठीच्या १९९७च्याच चिप योजनेने. ६५च्या पुढे प्रश्नच नाही, मेडिकेअर आणणाऱ्या १९६५च्या कायद्याने तो सोडवलाय.

मधले १८ ते ६४ मात्र नोकरीच्या भरवशावर. २०१०मध्ये त्यांच्यातले २२.३ टक्के विम्याविना होते, २०२३मध्ये १०.९. म्हणजे निम्म्याहून खाली, तरी मुलांच्या जवळपास तिप्पट. १९ ते २५ या वयात तर २०१०मध्ये दर तिघांत एकाला विमा नव्हता. २६ वर्षांपर्यंत आईबापांच्या प्लॅनवर राहायची मुभा आली आणि वर्षभरातच तो आकडा ३३.९वरून २७.९वर आला. तुमचा लेक आता त्याच पांघरुणातून बाहेर पडतोय. २६व्या वर्षापायी प्लॅन सुटला तर कोब्रा त्यालाही ३६ महिने मिळतो, पण सुटी कामं करणाऱ्याला तो हप्ता झेपणं कठीण.

चकवा :
ओसरींशी सहमत, एक सोडून. ६५नंतर "प्रश्नच नाही" असं नाही हं. मेडिकेअर सरकारी, पण आता निम्म्याहून जास्त लोक ॲडव्हांटेज प्लॅन घेतात. पैसा सरकारचा, कारभार खासगी कंपनीचा, आणि डॉक्टर तिच्या नेटवर्कमधले. विम्याच्या आकडेवारीत मात्र हे लोक साधारणपणे 'सरकारी' रकान्यात धरतात. रानजाई, मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यावर पहिले सहा महिने तब्येतीची चौकशी न करता मेडिगॅप (साध्या मेडिकेअरला जोडून घ्यायचा खासगी पुरवणी विमा) द्यावाच लागतो. बहुतेक राज्यांत नंतर कंपनी नाही म्हणू शकते. ॲडव्हांटेजच्या शून्य हप्त्याच्या जाहिराती बघून यजमानांनी तेवढ्यात सही करू नये.

रानजाई :
बाप रे, क्रमाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बोलते. लेकाचं उत्पन्न मात्र कधी बरं, कधी काहीच नाही. फारच कमी झालं तर मेडिकेड मिळेल ना त्याला?

ओसरी :
न्यू जर्सीत मिळालं असतं, टेक्ससमध्ये नाही. २०१२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मेडिकेड वाढवायचं (कमी उत्पन्नाच्या सगळ्याच प्रौढांना खुलं करायचं) की नाही हे राज्यांवर सोडलं आणि टेक्ससने वाढवलं नाही. धडधाकट, मूलबाळ नसलेला माणूस तिथे कितीही गरीब असो, मेडिकेडमध्ये बसत नाही. त्यातली खरी गोम अशी की मार्केटप्लेसची सबसिडीसुद्धा दारिद्र्यरेषेच्या वरच सुरू होते. २०२५ची रेषा एका माणसाला १५,६५० डॉलर. त्याखाली अंदाज लिहिला तर ना हे, ना ते. म्हणून त्याला बसवून वर्षभराचा हिशोब मांडायला लावा, हातात येणारी सगळी कामं धरून, अर्थात खराखुरा. आणि प्लॅन सुटायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, सुटल्यावरही ६०च दिवस मिळतात. कंपनीचा प्लॅन वाढदिवसाला संपतो की त्या महिनाअखेरीला, एवढं एचआरकडून लेखी मागून घ्या.

रानजाई :
महिनाअखेर म्हणाले होते, पण फोनवर. ईमेल टाकते.