मदत हवी आहे : मांजराच्या शूचा वास काही केल्या जात नाही (तातडीचं!)

पावट्याची_उसळ :
वैतागले आहे. हॉलमध्ये मांजराच्या शूचा वास येतो. फिनाइल झालं, लिंबू झालं, सोडा झाला, अगरबत्त्या झाल्या. पुसलं की तासभर बरं, मग पुन्हा तेच. पाऊस सुरू झाला की विचारूच नका. पुढच्या आठवड्यात गणपती बसायचेत आणि मखर नेमकं त्याच कोपऱ्यात मांडायचंय. रामबाण उपाय सांगा. "मांजर देऊन टाका" एवढं सोडून.

बोकोबा :
मांजर की बोका? नसबंदी झाली आहे का? फरशी कसली? वास जमिनीला येतो की भिंतीला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कोकमसार :
सोपं आहे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ओता. फसफसलं की घाण वर येते. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

परीक्षानळी :
फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं सोडियम ॲसिटेट या क्षाराचं पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर थोडा तरी उपयोग.

कोकमसार :
पुस्तकात असेल तसं. आमचा वास गेला होता.

पावट्याची_उसळ :
अहो, मांजर आमचं नाहीच, म्हणून तर देता येत नाही! घर भाड्याचं आहे, आधीच्या भाडेकरूंचं मांजर होतं. फरशी साधीच.

बोकोबा :
साधी म्हणजे? टाइल्स, मोझॅक, कोटा?

पावट्याची_उसळ :
जुनी शहाबादी. पेठेतलं घर आहे.

परीक्षानळी :
मग व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड, सगळं बंद. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबाचा एक थेंब टाकून वाकून बघा, बारीक बुडबुडे येतील आणि तेवढ्या जागेची झिलई जाईल. दगड खरबरीत झाला की आणखी मुरतं.
वास परत येण्याचं कारण म्हणजे युरिक ॲसिड. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे युरिया धुऊन जातो आणि याचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत, सांध्यांत बसून राहतात. हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. म्हणून पावसात जास्त.

रोखठोक_अण्णा :
एवढं शास्त्र कशाला? ब्लीचिंग पावडर टाका, दार लावून दोन तास बाहेर जा.

बोकोबा :
अण्णा, कृपा करा! मुतात अमोनिया असतो. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरामाइनचा वायू होतो, घसा आणि छाती धरते. दार लावून तर मुळीच नको. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी फिनाइलही जपून. फिनॉलवाली औषधं मांजरांना विषारी, पंजे चाटले की थेट पोटात.

सात्त्विक :
गोमूत्र शिंपडा. वास्तूही शुद्ध होते.

कोकमसार :
एका मुतावर दुसरं?

सात्त्विक :
श्रद्धेची टिंगल नको.

मनीची_मावशी :
पिल्लाला लगेच सवय लावा. पसरट टबात वाळू, रोज साफ करायची, जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवायची. आमची मनी चार दिवसांत शिकली. फोटो टाकू का?

पावट्याची_उसळ :
मावशी, पिल्लू नाहीये. मांजरच नाहीये.

देवगडचा_वारा :
आमच्या माळ्यावर असाच गोंधळ झाला होता. सगळे मांजर मांजर म्हणत होते, निघालं उदमांजर. त्याचा वास मात्र आंबेमोहोर शिजतोय असा! तुमच्याकडे चिचुंद्री नाही ना?

बोकोबा :
अंदाज पुरे. यूव्ही टॉर्च आणा, ३९५ नॅनोमीटरची, नोटा तपासायला असते तसली. रात्री दिवे घालवून फरशी आणि भिंत दोन्ही बघा. मूत पिवळट-हिरवं चमकतं. चुना आणि साबणही चमकतात, त्यामुळे नाक लावून खात्री करा. डाग सापडला की तेवढ्यावरच एन्झाइम क्लीनर, म्हणजे युरिक ॲसिड फोडणारं द्रव. आधी साध्या पाण्याने धुवा, फिनाइलचा अंश राहिला तर एन्झाइम निकामी. शिंपडून लगेच पुसू नका, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ओलं राहू द्या.

कोकमसार :
एवढं महागडं कशाला? हायड्रोजन पेरॉक्साइड आणा मेडिकलमधून.

परीक्षानळी :
हे मात्र बरोबर. ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घाला. चमचाभर खायचा सोडा, दोन थेंब भांड्यांचा साबण. करायचं आणि लगेच वापरायचं, उरलेलं बाटलीत कोंडू नका, वायू साठून फुटेल. रंगीत भिंतीवर आधी कोपऱ्यात लावून बघा, रंग उडतो.

पावट्याची_उसळ :
टॉर्च आणली. फरशीवर काही नाही! खिडकीखाली चपलांच्या रॅकमागे भिंतीवर फूटभर उंचीवर पट्टा आणि तिथून खाली ओघळ. काही ओले आहेत. खिडकीची जाळी खालच्या बाजूने फाटलीये.

बोकोबा :
म्हणजे आधीच्या भाडेकरूंचं मांजर निर्दोष. गल्लीतला बोका आत येऊन शेपूट उभी करून पिचकारी मारतो. हद्दीची खूण. जाळी आजच्या आज बदला, नाहीतर तुम्ही धुणार आणि तो पुन्हा मारणार. नसबंदी करणारी संस्था जवळ असेल तर कळवा, बहुतेक बोके नंतर थांबतात. भिंतीला कसला रंग?

पावट्याची_उसळ :
डिस्टेंपर. पोपडे आलेत.

परीक्षानळी :
पोपडे खरवडा, एन्झाइम दोनदा लावा, पूर्ण सुकू द्या. तरी वास राहिलाच तर तो आतच कोंडायला वर ऑइल प्रायमर. घरमालकाला आधी विचारा.

रोखठोक_अण्णा :
पेठेत हल्ली भाडं किती चाललंय?

पावट्याची_उसळ :
जाळी बसवली. एन्झाइमने बराच फरक आहे, नाक टेकवलं तरच कळतं. मालक म्हणतात प्रायमर मारा, खर्च तुमचा. आता सांगा, ऑइल प्रायमरचा वास किती दिवस राहतो? गणपती शनिवारी.

कोकमसार :
पंखा लावा आणि एका ताटलीत व्हिनेगर ठेवा.

परीक्षानळी :
फरशीवर सांडू नका म्हणजे झालं.