'सर्व्हर गायब? स्विच बंद-चालू करा' म्हणणाऱ्यांसाठी

नेटवर्क_नाना: काल इथे कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय, 'सीए ऑफिसात सर्व्हर मध्येच गायब होतो? स्विच (सगळी मशिनं जोडणारा डबा) बंद-चालू करा, अँटिव्हायरस काढा, सर्व्हरला फिक्स आयपी (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) द्या. विषय संपला.' संपत नाही हो, पुढच्या 20 तारखेपर्यंत झोपतो. त्याच पोस्टमध्ये म्हटलंय की मशिनं 25 आणि 'सर्व्हर' म्हणजे विंडोज 10 प्रो! प्रोवर एका वेळी 20 जोडण्या, एकविसावा बाहेर. कुणाची फाईल उघडी नसेल आणि 15 मिनिटं हालचाल नसेल तर त्याचं सेशन तुटतं, जागा रिकामी होते, बाहेरचा आत येतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही. एरवी निम्मी आर्टिकल पोरं (सीएकडे शिकाऊ) ऑडिटला बाहेर असतात, 20 तारखेला जीएसटीचं 3बी रिटर्न भरायच्या दिवशी सगळी ऑफिसात. शेअरमध्ये (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) स्कॅन टाकणारं झेरॉक्स मशीनही त्यात धरा. स्विच बंद केला की सगळेच बाहेर पडतात, मग जो आधी पोचेल तो आत. याला दुरुस्ती म्हणायचं?

हार्डवेअरवाला_बारामती: ती पोस्ट माझीच. नाना, पुस्तक बंद करा. माझ्याकडे सात मशिनांचं ऑफिस आहे, तिथेही सर्व्हर जायचा. कुठे गेले तुमचे 20? राउटरने प्रिंटरला सर्व्हरचाच आयपी दिला होता. फिक्स केला, मिटलं.

नेटवर्क_नाना: राउटर ज्या पट्ट्यातले आयपी मशिनांना वाटतो, त्यातलाच फिक्स केला असेल, तर मिटलं नाही. पट्टा आखडून घ्या.

हार्डवेअरवाला_बारामती: घेतो, घेतो. पण त्याचे पैसे कोण देणार? एएमसीचं (वर्षाच्या देखभालीच्या कराराचं) बिल मार्चचं, चेक दिवाळीला. वर रात्री साडेदहाला फोन, 'लगेच या.'

सीए_कोथरूड: वा! आमच्या एएमसीवाल्याने वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि 3बीच्या दिवशी फोन बंद. लेट फी त्याने भरली का?

हार्डवेअरवाला_बारामती: टॅली गोल्डला (अनेकांनी एकत्र वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला) पैसे असतात, सर्व्हरला नसतात. शेअर कुठे, तर रिसेप्शनच्या पीसीवर! संध्याकाळी ताई शटडाऊन करून घरी जातात, मग बोंब मारायची.

सीए_कोथरूड: ताईंवर घसरू नका. तो पीसी 'सर्व्हर' म्हणून विकला कुणी?

पेंग्विन_भाऊ: उबंटूवर (फुकटचं लिनक्स) सांबा (फाईल शेअर करणारं सॉफ्टवेअर) टाका. वीसची भानगड नाही, लायसन्स नाही.

सीए_कोथरूड: आणि तुम्ही नोकरीला पुण्याबाहेर गेलात की तो उबंटू कोण बघणार, मी?

अकाउंटंट_मेघा: भांडण झालं असेल तर माझं ऐका. आमच्याकडे सर्व्हरच्या नावाने जात नाही, आयपी टाकला की उघडतं. आणि विंडोज 11चं 24एच2 अपडेट आल्यापासून जुना एनएएस (नेटवर्कवर फाईली ठेवायचा डबा) तर उघडतच नाही.

नेटवर्क_नाना: मेघाताई, हे दोन वेगळे आजार. एकविसावा असता तर नाव काय, आयपी काय, दोन्हीने अडला असता. तुमचा घोटाळा नावाचा आहे. मशिनांना डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा) कोणता दिलाय ते बघा. एनएएसचं अपडेटमुळेच. त्या आवृत्तीत प्रोला साइनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालं आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद. पण ते कायमचं बंद आहे, येऊन-जाऊन नाही. तक्रार ऐकताना हा फरक आधी विचारायचा. कोण अडलं, किती वाजता, तेव्हा बाकीचे चालू होते का. बारामतीकर, तुम्ही विचारलंत?

हार्डवेअरवाला_बारामती: विचारलं की सगळे एकच सांगतात, 'काही केलं नाही, आपोआप झालं.'

नेटवर्क_नाना: मग माणसांना नका विचारू. कॉम्प्युटर मॅनेजमेंट, शेअर्ड फोल्डर्स, सेशन्स. मोजा. अडलेल्या मशिनवर नेट यूज (शेअर जोडायची कमांड) मारा, एरर 71 आली तर जागा भरलीय.

हार्डवेअरवाला_बारामती: (दुसऱ्या दिवशी) त्या 25 मशिनांच्या ऑफिसात जाऊन आलो. सेशन्स 20, एरर 71. घ्या, नानामहाराज की जय. सात मशिनांचं मात्र माझंच बरोबर होतं. सर्व्हर एडिशन आणि प्रत्येकाच्या कॅलचं (सर्व्हर वापरायच्या परवान्याचं) कोटेशन दिलं. साहेब म्हणाले, 'आधी झेरॉक्सची वायर काढून बघा.'

सीए_कोथरूड: काढली का?

हार्डवेअरवाला_बारामती: काढली. चालतंय. बिल कशाचं लावू?