बेनामी, निनावी की नामधारी?

रेवती_क
दिवाळी अंकासाठी डाल्टन ट्रम्बोवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे आणि एका शब्दावर अडले आहे. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे 'तुम्ही कम्युनिस्ट आहात का' याचं उत्तर द्यायला नकार देणाऱ्या हॉलिवूडच्या दहा जणांपैकी हा एक. त्याआधी एमजीएम स्टुडिओत आठवड्याला ३००० डॉलर घेणारा पटकथालेखक. पुढे स्टुडिओंची काम न देण्याची काळी यादी, तुरुंगवास आणि मग दुसऱ्यांच्या नावावर लिहिणं. 'रोमन हॉलिडे'ची (१९५३) कथा त्याची, पण पडद्यावर नाव त्याच्या मित्राचं, इयान मॅक्लेलन हंटरचं. कथेचं ऑस्करही हंटरलाच जाहीर झालं.

मी लिहिलं, 'या काळात ट्रम्बोने बेनामी लेखन केलं.' संपादकांनी ते खोडून 'निनावी' केलं. त्यांच्या मते बेनामी म्हणजे नाव नसलेलं, शिवाय वाचकाला काळा पैसा आठवेल. मला निनावी पटत नाही. निनावी पत्राखाली नाव नसतं. इथे नाव होतं, फक्त ते दुसऱ्याचं होतं.

तळेगावकर
ताई, तुमचाच शब्द बरोबर आहे. माझे आजोबा वकिलाकडे कारकून होते. १९६१चा कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर आमच्या भागात किती जमिनी गड्यांच्या आणि भाच्या-पुतण्यांच्या नावावर चढल्या ते त्यांच्याकडून ऐकलं आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं, वहिवाट दुसऱ्याची. तिला सगळे बेनामी जमीनच म्हणत. 'निनावी जमीन' असं कुणाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. १९८८च्या कायद्याचं नावही बेनामी व्यवहार असंच आहे. ट्रम्बोचा प्रकार तोच. पटकथेचे पैसे घेतले हंटरने, पोचवले ट्रम्बोला.

मृद्गंध
पण मूळ फारसी 'बे' म्हणजे विना. बेइमान, बेघर, बेनाम. व्युत्पत्ती संपादकांच्या बाजूने आहे. आणि परक्या शब्दावरून एवढी ओढाताण कशाला? 'परनामी' म्हणा. स्वच्छ आहे, अर्थ लगेच कळतो. दिग्दर्शक, बोलपट, मध्यंतर हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. तेही कधीतरी नवेच होते, आज खटकतात का?

तळेगावकर
व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, वापराने ठरतो. शेकडो वर्षं कोर्टकचेरीत रुळलेल्या शब्दाला परका म्हणायचं असेल तर वकील, कारकून, जमीन, सगळेच बाहेर काढा. आधीच्या प्रतिसादात मी हे तिन्ही वापरले आणि तुम्हाला समजले.

खिडकीपाशी
वापरच बघायचा तर आजचाही बघा. माझ्या वयाच्या लोकांना 'बेनामी प्रतिसाद' म्हणजे नाव न देता लिहिलेला प्रतिसाद. जमिनीचा अर्थ मला बातम्यांतून कळला. लेख आज छापला जाणार आहे, आजोबांच्या काळात नाही.

मूकपट
ट्रम्बोच्या बाबतीत एकच शब्द पुरणार नाही, कारण प्रकार वेगवेगळे आहेत. हंटर स्वतः लेखक होता, 'रोमन हॉलिडे'च्या पटकथेवर त्याचंही काम आहे आणि पुढे तोही काळ्या यादीत गेला. त्याला 'नामधारी' म्हणणं अन्यायाचं होईल. दुसरीकडे 'द ब्रेव्ह वन' (१९५६). कथा ट्रम्बोचीच, त्यावर नाव रॉबर्ट रिच. १९५७च्या ऑस्कर समारंभात हे नाव पुकारलं गेलं तेव्हा हॉलिवूडच्या लेखक संघाचा जेसी लास्की धाकटा पुढे झाला आणि रिचच्या बायकोचं बाळंतपण आहे असं सांगून ऑस्करची बाहुली घेऊन आला. तिथे टोपणनाव म्हणा.

तळेगावकर
टोपणनाव कसं? रॉबर्ट रिच हा निर्माते किंग बंधूंचा खराखुरा भाचा होता. म्हणजे पुन्हा नातेवाइकाच्या नावावर उतारा. बेनामीच.

मूकपट
पण त्या भाच्याचा लेखनाशी संबंध नव्हता, हंटरचा होता. हा फरक मराठीत दिसायला हवा एवढंच म्हणतो.

आणि खरं निनावी लेखन कसलं असतं, तर पटकथालेखक बेन हेक्टचं. १९३९च्या सुरुवातीला 'गॉन विथ द विंड'चं चित्रीकरण थांबलं होतं. निर्माता सेल्झनिकने हेक्टला बोलावलं. त्याने कादंबरी वाचलेली नव्हती. सेल्झनिक आणि दिग्दर्शक फ्लेमिंग प्रसंग करून दाखवायचे आणि तो लिहायचा. आठवडाभरात त्याने बराच भाग उभा केला. पडद्यावर नाव एकट्या सिडनी हॉवर्डचं. हॉवर्ड त्याच वर्षी ट्रॅक्टरच्या अपघातात गेला, ऑस्कर मरणोत्तर मिळालं. हेक्टला काय म्हणणार?

रेवती_क
त्याला मराठीत सुरेख शब्द आहे. हेक्टने 'हात फिरवला'. आमच्याकडे मासिकात कथा आली की संपादक तिच्यावरून हात फिरवत. नाव लेखकाचंच राहायचं आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

मूकपट
हात फिरवणं झकास, पण स्टुडिओत वाईट वाटत होतं. एमजीएममध्ये निर्मितीप्रमुख थॅलबर्ग एकाच पटकथेवर अनेक लेखक बसवायचा, पुष्कळदा एकमेकांना न कळवता. शेवटी श्रेय कुणाला ते निर्माता ठरवणार. १९३३मध्ये लेखक संघ नव्याने उभा राहिला त्यामागे पगारकपातीइतकाच हा राग होता. स्टुडिओंनी १९३६मध्ये आपल्या सोयीची वेगळी संघटना पुढे केली, पण १९३८च्या मतदानात लेखक संघच जिंकला. श्रेय ठरवण्याचा हक्क लेखकांच्या हाती आला तो त्यानंतर. पुढची नोकरी आणि पगार मागच्या श्रेयावर ठरत असताना त्याला मानापमान म्हणून सोडून देता येत नाही.

मृद्गंध
'श्रेय' शब्द इथे चुकीचा वापरला जातो आहे. श्रेय म्हणजे कल्याण. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी आहे. पडद्यावर असतो तो नामनिर्देश.

खिडकीपाशी
'श्रेयनामावली' किती वर्षं छापतो आहोत आपण! 'श्रेय लाटलं' ऐवजी 'नामनिर्देश लाटला' म्हणून बघा.

मृद्गंध
रूढ झालं म्हणून बरोबर होत नाही.

तळेगावकर
भाषेत तसंच होतं.

मूकपट
रेवतीताई, एक महत्त्वाचं. 'पटकथेचं ऑस्कर' असं कुठे लिहिलं असेल तर बदला. ट्रम्बोची दोन्ही ऑस्करं कथेची. १९२९च्या पहिल्या समारंभात लेखनाची तीन पारितोषिकं होती: मूळ कथा, रूपांतर आणि मूकपटातल्या पाट्यांचा मजकूर. पाट्यांचं पुन्हा दिलं गेलं नाही, बोलपट आले. पहिलं कथेचं हेक्टला आणि हे पारितोषिक बंद होण्याआधीचं शेवटचं रॉबर्ट रिचला. ती बाहुली ट्रम्बोला १९७५मध्ये मिळाली. 'रोमन हॉलिडे'ची त्याच्या पत्नीकडे दिली गेली १९९३ साली, तेव्हा तो हयात नव्हता. पडद्यावरचं नाव लेखक संघाने २०११मध्ये दुरुस्त केलं.

खिडकीपाशी
म्हणजे कथा वेगळी, पटकथा वेगळी. मग आपल्याकडे संवादही वेगळे का? तिकडे बहुतेक ते पटकथेतच येतात.

तळेगावकर
माझ्या मते हे दुभाषी चित्रपटांमुळे. प्रभातचा 'कुंकू' मराठीत आणि 'दुनिया न माने' हिंदीत, 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. कथा एकच, बोलणं दोन भाषांत. संवाद लिहिणारा वेगळा लागणारच.

मृद्गंध
ते कारण अपुरं आहे. नाटकातून आलेला लेखक संवादांचाच राजा होता, पटकथा ही गोष्ट त्याला नवी. 'पट' शब्द बघा, चित्रकथी पट उलगडत गोष्ट सांगतात, तिथून आला असणार.

तळेगावकर
मला तो सोंगट्यांचा पट वाटतो. डाव मांडलेला असतो, खेळणारे नंतर येतात.

रेवती_क
मजकूर उद्या द्यायचा आहे. हंटरसाठी 'बेनामी' ठेवते आणि पहिल्याच वाक्यात अर्थ सांगते. हेक्टने हात फिरवला. रिचचं अजून ठरत नाही.

मृद्गंध
'परनामी' एकदा तरी छापून बघा. आणि तळेगावकर, सोंगट्यांचा पटही कापडाचाच असतो.