खतपेटीचा वास – सोसायटी ग्रुपवर आजची चर्चा

सेक्रेटरी, बी-२०२: पार्किंगमागच्या खतपेटीला वास येतोय, तीन तक्रारी आल्यात. मीटिंगपर्यंत बंद ठेवायची का?

ए-१०१: बंदच करा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर वर आहे. एवढ्या उकाड्यात काल खिडकी लावून जेवलो.

बी-४०४ काकू: अहो, मी सकाळी झाकण उघडून बघितलं. रस्साभाजी, वरणभात, सगळं कॅरीबॅगेत घालून गाठ मारून टाकलंय कुणीतरी. तळाला पाणी साचलंय. वास येईल नाहीतर काय!

ए-१०१: काकू, ते आमचं नाही हं.

बी-४०४ काकू: तुमचं नाव कुठे घेतलं मी 😄

ए-३०३: काकूंचं बरोबर आहे. आत हवा खेळली नाही की कचरा कुजून घाण वास मारतो. एक डबा ओलं टाकलं की वर तेवढाच, जमल्यास दुप्पट सुका पाला हवा. मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी टपकलं तर पाला वाढवा. लाडू वळला तर झकास.

सेक्रेटरी, बी-२०२: पाला आणायचा कुठून? कोकोपीटचं बिल बघितलंत का?

बी-४०४ काकू: गेटजवळच्या बदामाचा पाला रोज पोत्यात भरून घंटागाडीत जातो! आपलाच पाला देऊन टाकायचा नि नारळाचा भुसा विकत आणायचा. कमाल आहे. फक्त बदामाची पानं जाड असतात, चुरडून टाका, नाहीतर महिनोन् महिने तशीच राहतात.

ए-५०२: आणि त्या अळ्या?? मी परवा किंचाळलेच. चांगल्या जाड होत्या, करड्या.

ए-३०३: ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असणार. मारू नका, त्या कचराच खातात. ओलं जास्त झालं की दिसतात. पाला टाकला की कमी होतील.

ए-१०१: एवढं करून मिळतं काय?

सेक्रेटरी, बी-२०२: खत, सोलर, पावसाचं पाणी यांपैकी एक असेल तर पुणे महापालिका सर्वसाधारण करात ५% सवलत देते, दोन असतील तर १०%. आपलं सोलर आणि खत दोन्ही आहे. पण प्रकल्प चालू असायला हवा, नुसती पेटी दाखवून भागत नाही.

ए-१०१: हे आधी सांगायचं ना राव.

बी-४०४ काकू: अजून एक. मागच्या महिन्यात खत चाळलं तर चाळणीवर दुधाच्या पिशव्यांचे ४१ कोपरे उरले. हो, मोजले मी. शिवाय सफरचंदांवरचे स्टिकर. कोपरा सगळा तोडू नका, चीर द्या, पिशवीलाच लटकू दे. पिशवी धुऊन वाळवली की भंगारवाला घेतो. सुटा कोपरा कोण वेचणार?

ए-५०२: 🙈 आमच्याकडचे ८-१० तरी असतील.

ए-१०१: बरं, रविवारी पाला चुरडायला मी येतो. पण पेटीचं तोंड माझ्या खिडकीकडून फिरवा.

बी-४०४ काकू: ८ वाजता या, जुने हातमोजे आणा. आणि ती गाठ मारलेली पिशवी मी उघडली बरं का. आत औषधांचं बिल निघालं. नाव ग्रुपवर सांगत नाही.

सेक्रेटरी, बी-२०२: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी, बी-२०२: रविवारी ८ ला मीपण येतो. रिकामी पोती माझ्याकडे आहेत.