मदत हवी आहे: साठेक डोमेन नावांचं रिन्यूअल तोंडावर आलंय, कुठली ठेवू, कुठली सोडू?

एमएच२०_फ्लेक्सवाला

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात माझं फ्लेक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे, जोडीला गिऱ्हाइकांच्या छोट्या वेबसाइटही करून देतो. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या, लेटरहेड, बिलबुकं सगळं नव्याने छापायला आलं. पाट्या बदलतायत तर वेबसाइटची नावंही बदलतील, या हिशोबाने ‘संभाजीनगर’ला हॉटेल, प्लॉट, डॉक्टर, टॅक्सी असं एकेक जोडून डॉट कॉम आणि डॉट इन नावं पुढे विकायला म्हणून घेत गेलो. धाराशिव आणि अहिल्यानगरचीही घेतली. मग चटकच लागली. पहिल्या वर्षी शंभरच्या आत मिळणारी डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड, वधू-वर सूचकवाल्यांना चालतील अशी काही, दोन डॉट एआय आणि देवनागरीतली डॉट भारतची थोडी.

आता बहुतेकांची मुदत एकदमच संपतेय. सगळी रिन्यू केली तर सत्तर हजारांच्या वर जातंय, आणि ऑटो-रिन्यू चालू असल्यामुळे ते कार्डवरून आपोआप कापले जातील. अजून एकही नाव विकलेलं नाही.

दुसरं म्हणजे, परदेशातून एक मेल आलाय. प्लॉटच्या नावाला ४,२०० डॉलर द्यायला तयार आहे, फक्त आधी ‘मूल्यांकन प्रमाणपत्र’ हवंय म्हणतो. कुठून काढायचं त्याची लिंकही दिलीय.

तिसरं, हॉटेलच्या नावासाठी इथल्याच एका लॉजवाल्यांचा फोन आला होता. आठ हजार म्हणाले. घरचे म्हणतात देऊन टाक. काय करू?

(मेव्हण्याच्या आग्रहाने घेतलेलं एका मोठ्या मोबाइल कंपनीचं नाव अधिक ‘रिचार्ज’ असंही एक आहे. त्याला गिऱ्हाईक कसं शोधायचं?)

पेठेतला_नेटकरी

आधी मेलचं. एक रुपयाही पाठवू नका, हा जुना सापळा आहे. लिंक उघडलीत तर बहुधा कुठल्याशा चर्चेचं पान दिसेल. त्यात एकाने विचारलेलं असेल की मूल्यांकन कुठून करावं, दुसऱ्याने एका साइटचं नाव सांगितलं असेल आणि तिसरा तिचे आभार मानत असेल. तिघंही एकच, आणि साइटही त्यांचीच. शे-दोनशे डॉलरचं प्रमाणपत्र तुम्ही घेतलंत की ‘खरेदीदार’ गायब.

पारखायचं असेल तर इतकंच लिहा (एस्क्रो डॉट कॉम म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे मध्ये सांभाळणारी तटस्थ साइट): ‘व्यवहार एस्क्रो डॉट कॉमवरून करू. प्रमाणपत्राचा खर्च तुम्ही करा, मी तेवढी रक्कम किमतीतून कमी करतो.’ खरा घेणारा असेल तर त्याला यात अडचण नाही.

जुना_मोडेम

फ्लेक्सवाले, मी बरीच वर्षं यात आहे. फार कमावलंय असं नाही, पण तग धरून आहे. थोडं लांबलचक लिहितो.

या धंद्यात जीव जातो तो रिन्यूअलमध्ये. शंभर नावं बाळगली तर वर्षाला एक-दोन गेली तरी बरं, असं यातले मुरलेले लोकही म्हणतात. म्हणजे विकलं गेलेलं एक नाव बाकीच्यांचा खर्च भरून काढणार आणि वर उरलं तर तुमचं. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपण ज्याच्याकडून नाव घेतो त्याचा, नफा, वर १८ टक्के जीएसटी. डॉट कॉम चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीला करारातल्या सहापैकी शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी ७ टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा आहे, त्यामुळे हा आकडा खाली यायची आशा धरू नका.

वर्तमानपत्रात येतं ते वेगळं. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं. पण तो रोजच्या इंग्रजीतला एकच शब्द होता, मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीकडे वर्षानुवर्षं होता, आणि घेणाऱ्या ब्लॉक डॉट वन या क्रिप्टो कंपनीकडे पैसा होता. आपल्या ‘संभाजीनगर-अमुक-तमुक’शी त्याचा काही संबंध नाही.

आता तुमची नावं. डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड सरळ सोडा. पहिलं वर्ष नव्वद रुपये आणि दुसऱ्या वर्षी हजारांत, हेच त्यांचं गणित आहे. डॉट एआय हे अँग्विला या कॅरिबियनमधल्या छोट्या बेटाचं. तिथे एका वर्षाचं रिन्यूअलच नसतं, किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात. तुमच्या सत्तर हजारांतले बरेच तिथेच जात असणार, बघा. एखाद्या एआय कंपनीने स्वतःहून विचारलं नसेल तर दोन्ही जाऊ द्या. डॉट भारत २०१४ मध्ये आलं तेव्हा मीही हुरळलो होतो. भाषेसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, पण विकायला नको. आतून ते नाव ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बसतं, काही ठिकाणी तसंच दिसतं, आणि त्यावरचा ईमेल पत्ता अजूनही कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत. दुकानदार पैसे मोजेल कशाला?

राहिली शहरांची. इथे स्पेलिंगची मोठी भानगड आहे. ‘छत्रपती’ रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, नुसतं संभाजीनगर लिहिणारेही आहेत आणि सीएसएन या आद्याक्षरांवर भागवणारेही. ज्या नावात ‘छत्रपती’ आहे ते लांबही होतं आणि फोनवर सांगतानाही चुकतं. ती सोडा. ‘संभाजीनगर’ अधिक एकच धंदा, तेही डॉट कॉम किंवा डॉट इन, एवढीच ठेवा. धंदाही असा बघा की जिथे एका गिऱ्हाइकामागे चार पैसे सुटतात: प्लॉट, दंतवैद्य, हॉटेल, वेरूळ-अजिंठ्याच्या टॅक्सी. धाराशिवमध्ये मोठे जाहिरातदार कमी, तिथलं एखाद-दुसरं पुरे.

आणि आज रात्रीच ऑटो-रिन्यू बंद करा. लगेच काही हातचं जात नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर बरेच रजिस्ट्रार महिनाभर तरी नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात, पण किती दिवस ते तुमच्या रजिस्ट्रारच्या पानावर वाचून घ्या. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे गेलेलं नाव सोडवून घ्यायचे, त्यात दंड जबर. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि नाव मोकळं होतं.

एक सांगा, हॉटेलचं नाव ब्राउझरमध्ये टाकलं तर आत्ता काय दिसतं?

एमएच२०_फ्लेक्सवाला

रजिस्ट्रारचंच पान दिसतं, त्यांच्या जाहिरातींचं. मग लॉजवाल्यांना माझा नंबर कसा मिळाला तेच कळेना. बहुतेक माझ्याच दुकानात पाटी करायला आले होते तेव्हा बोलणं झालं असावं 😄

जुना_मोडेम

म्हणजे फ्लेक्सचं दुकान चालवून स्वतःच्या मालावरच पाटी नाही! ठेवाल त्या प्रत्येक नावावर ‘हे नाव विक्रीस आहे’ एवढं एक पान टाका, खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर. वेबसाइट करताच तुम्ही, तासाभराचं काम. सेडो किंवा आफ्टरनिक या डोमेन-विक्रीच्या साइटवरही टाका, पण ते विक्रीतून १५-२५ टक्क्यांच्या आसपास कापतात. आपल्या गावचं गिऱ्हाईक तिथे जात नाही, ते दुकानातच येतं.

काळा_कोट

मेव्हण्यांच्या ‘रिचार्ज’ला गिऱ्हाईक शोधू नका, आणि त्या कंपनीला तर मेल मुळीच करू नका. नोंदलेल्या ट्रेडमार्कचं नाव घेऊन त्याच्याच मालकाला विकायला जाणं हाच वाईट हेतूचा पुरावा धरला जातो.

डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी आहे, म्हणजे अशा नावांचे वाद कोर्टाबाहेर पंचांकडून सोडवायची पद्धत. तक्रार जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) जाऊ शकते. तीन गोष्टी बघतात: नाव ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे का, तुमचा त्यावर काही न्याय्य हक्क आहे का, आणि घेण्या-वापरण्यामागे हेतू वाईट होता का. तिन्ही सिद्ध झाल्या की नाव काढून घेतात. वायपोचं शुल्क एका पंचासाठी १,५०० डॉलर. मोठ्या कंपनीला ते किरकोळ आहे. डॉट इनसाठी ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे आयएनडीआरपी नावाची तशीच सोय आहे. आपली न्यायालयंही आहेतच: सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं असं म्हटलंय.

२०२४ मधलं जिओहॉटस्टार डॉट कॉम आठवत असेल. दिल्लीच्या एका डेव्हलपरने दोन कंपन्या एकत्र येणार या अंदाजाने ते आधीच घेतलं होतं आणि परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. बातम्या खूप झाल्या, रिलायन्सने पैसे काही दिले नाहीत. मध्ये ते दुबईतल्या दोन मुलांकडे गेलं आणि शेवटी रिलायन्सकडे फुकटच.

शहराच्या नावावर सहसा कुणाचा ट्रेडमार्क नसतो, त्यामुळे तुमची बाकीची नावं या भानगडीत येत नाहीत. फक्त एखाद्या जुन्या नामांकित हॉटेलचंच नाव तंतोतंत तसं नाही ना, तेवढं बघा.

अर्धा_कप_चहा

मेव्हण्याला वधू-वर सूचकची डोमेनं सांभाळायला द्या, दोघंही कामाला लागतील.

एमएच२०_फ्लेक्सवाला

😂 त्याचं लग्न झालंय हो, माझ्या बहिणीशीच.

ऑटो-रिन्यू बंद केलं. मेलवाल्याला नेटकरींनी सांगितलं तसं एस्क्रोचं लिहिलं. उत्तर आलं की ‘माझ्या गुंतवणूकदाराला त्याच साइटचं प्रमाणपत्र लागतं’. ब्लॉक केला. रिचार्जवालं मुदत संपली की सोडतो. संभाजीनगरची डझनभर ठेवतोय, धाराशिवचं एक, अहिल्यानगरची दोन.

आता लॉजवाल्यांचं बोला. ते परवा पुन्हा येणार आहेत. आठ घेऊ का?

जुना_मोडेम

पंचवीस सांगा, पंधराच्या खाली येऊ नका. त्यांच्या हॉटेलच्या सगळ्या खोल्यांचं दोन रात्रींचं भाडं धरलं तरी तेवढं होतं. एका बैठकीत जमलं नाही तर पान लावून ठेवा, तेच पुन्हा येतील.

जमलं तर त्यांचं खातं तुमच्याच रजिस्ट्रारकडे उघडून द्या, मग आतल्या आत नाव त्यांच्या खात्यावर ढकलता येतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर नावावरचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, द्यावा लागेल. त्यांची साइटही तुम्हीच करणार असाल तर तिचं बिल वेगळं करा, नाहीतर नाव ‘साइटबरोबर फुकट’ मागतील. पावती द्या, आणि मार्चमध्ये सीएला हे उत्पन्न दाखवताना या वर्षीची रिन्यूअलची बिलंही सोबत न्या.

आणि पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज बँकेकडून आल्यावरच ऑथ कोड. त्यांच्या फोनमधला स्क्रीनशॉट चालणार नाही.